सहीनंतरचा फेब्रुवारी

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या आणि पाच-सहा वर्षांपासून कथा लिहिणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा:

“माझ्या कथेची नायिका सुमन. माहेर निफाड तालुक्यात, चार एकर द्राक्षबाग. वडील वारले. बाग जुनी झाली आहे. धाकट्या भावाला ती तोडून नवी लावायची आहे आणि त्यासाठी कर्ज काढायचं आहे. तो म्हणतो, ‘ताई, हक्कसोडपत्रावर तेवढी सही दे.’ एवढीच कथा. तीन खर्डे झाले. पहिल्यात सुमन सही नाकारते. आमच्या वाचक गटातल्या सगळ्या म्हणाल्या, असं प्रत्यक्षात कोण करतं, माहेर तुटेल ना तिचं! दुसऱ्यात ती सही करते. तेव्हा त्याच मैत्रिणी म्हणाल्या, बायका किती दिवस अशाच सह्या करत राहणार? तिसऱ्यात मी शेवट मोकळा सोडला. सुमनच्या हातात पेन आहे आणि कथा संपते. ती एका संपादकांनी ‘लेखिकेने निर्णय टाळला आहे’ असं लिहून परत पाठवली. दिवाळी अंकासाठी ऑगस्टअखेर कथा द्यायची आहे. सुमनने काय करावं? ही माझी गोष्ट नाही, पण अगदीच नाही असंही नाही. माझा भाऊ कथा वाचत नाही. वहिनी वाचते.”

ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि ‘वहिनी वाचते’ या दोन शब्दांवर मी बराच वेळ थांबले. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी सुमनकडे जाऊ, कारण तुम्ही तिघांनी मिळून तिची फार ओढाताण केली आहे. तिघं म्हणजे तुम्ही, तुमचा गट आणि ते संपादक.

पहिल्या खर्ड्यावर मैत्रिणी म्हणाल्या, असं कोणी करत नाही. दुसऱ्यावर म्हणाल्या, असं कोणी करू नये. दोन्ही वेळा त्या बोलल्या ते ‘बायका’ या विषयावर. सुमनबद्दल कोणीच काही बोललं नाही. दोष मैत्रिणींना देऊ नका. मला शंका अशी येते की सुमन त्यांना भेटलीच नाही. तुमच्या पत्रातून मलाही बाग किती एकर आहे ते कळलं, ती जुनी झाली आहे ते कळलं, भावाला कर्ज हवं आहे ते कळलं. सुमनचं मात्र काहीच कळलं नाही. तिचं स्वतःचं घर आहे का? तिच्या शिक्षणाची फी कोणी भरली होती? लग्नात हुंडा दिला गेला होता का, आणि तो कुठल्या हंगामाच्या पैशातून? वडील आजारी होते तेव्हा दवाखान्यात रात्री कोण झोपत होतं? सही करावी की नाही याचं उत्तर या गोष्टींत असतं. त्या कागदावर नसतील तर वाचणारा सुमनच्या जागी स्वतःला बसवतो आणि स्वतःचं मत देतो. तुमच्या गटात तेच झालं.

दुसरं, तुमची कथा कुठल्या साली घडते? पत्रात नाही, बहुधा खर्ड्यातही नसावं. निफाडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात १९९० साली झालेली सही आणि आज होणारी सही दिसायला सारखी, पण कथेत ती एकच गोष्ट नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यातला वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात आला १९९४ साली, आणि तोही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी मे महिन्यात लग्न झालेली बाहेर आणि पुढच्या हिवाळ्यात लग्न झालेली आत, असं होऊ शकत होतं. या एका तारखेत केवढी कथा दडली आहे बघा. देशभरासाठीची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद बरीच वर्षं चालला. हा हक्क मुलीला जन्माने मिळतो आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं.

हे सगळं कथेत घालायचं नाही. पण ते तुम्हाला ठाऊक हवं, कारण पात्राला काय ठाऊक आहे हे त्यावर ठरतं. आपला हक्क आहे हे माहीतच नसलेली सुमन सही करते, माहीत असून करते, भावाला माहीत नाही हे माहीत असून करते. या तीन निराळ्या बायका आहेत. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यातली सुमन यांपैकी कोण? ते ठरलं असतं तर ‘किती दिवस बायका अशाच’ हे वाक्य कोणाच्या तोंडी आलं नसतं. सवड काढून एकदा सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि निरनिराळ्या दशकांतले दिवाळी अंक मांडून बसा. माहेरच्या जमिनीवरच्या कथा वाचताना त्या काळचा कायदा मनात ठेवा. बहिणीच्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक वेळी बदललेला दिसेल.

आता मुख्य मुद्दा. कथेचा कळस म्हणजे सहीचा क्षण, असं तुम्ही तिन्ही खर्ड्यांत धरून चालला आहात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला तुमच्याच कथेतली बाग पुरेशी आहे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि वेल अगदी उघडाबोडका होतो. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीवरच्या डोळ्यांत घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पाऊसकाळ जातो, ऑक्टोबरची छाटणी होते, डोळे फुटतात आणि मग घड दिसतो. लोकांना वाटतं, ऑक्टोबरात ठरलं. ठरलेलं असतं उन्हाळ्यात. म्हणून जाणते बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासून घेतात, कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघतात आणि तेवढी काडी ठेवतात. डिपिंग करून, म्हणजे घड संजीवकाच्या पाण्यात बुडवून, औषधं मारून तो वाढवता येतो. डोळ्यात नसलेला घड मात्र कोणालाच आणता येत नाही.

माणसाचे अवघड निर्णय बहुतेक असेच होतात. सुमनने सही करायची की नाही हे निबंधकाच्या टेबलापाशी ठरणार नाही. ते वडिलांच्या दहाव्याला ठरलं असेल, भाऊ तिच्याकडे न बघता तलाठ्याशी बोलत होता तेव्हा. किंवा पंधरा वर्षांपूर्वी गारपिटीने बाग झोपली होती आणि तिने नवऱ्याला न सांगता बांगड्या गहाण ठेवून भावाला पैसे पाठवले होते, त्या दुपारी ठरलं असेल. तुमच्या तिन्ही खर्ड्यांचं काम ऑक्टोबरातलं आहे, एप्रिल त्यांत नाही. तो आधी शोधा. तो सापडला की सही हा कथेतला एक साधा प्रसंग उरेल, आणि कदाचित दोन ओळींत संपेलसुद्धा.

आपल्याच मातीतली दोन उदाहरणं देते. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ साली आलेल्या त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये निर्णय शीर्षकातच आहे आणि तोही भूतकाळात. नायक जात लपवेल की नाही हा प्रश्न कथेला पडतच नाही. लपवल्यावर रोज काय भोगावं लागतं, ती ते सांगते. आणि तो ‘निर्णय’ त्याने केला की त्याच्यावर लादला गेला, हा विचार वाचणाऱ्याला सोडत नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेलं कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ तर मिळकतीबद्दलच आहे. बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात ते सुरुवातीलाच. पुढचं सारं नाटक त्या देऊन टाकण्याच्या किमतीचं आहे. दोन्हीकडे ‘काय ठरवलं’ हे लवकर कळतं आणि आपण धरून बसतो ते ‘मग काय झालं’ यासाठी. तुम्ही मात्र ‘काय ठरवलं’ हे शेवटच्या ओळीपर्यंत मुठीत ठेवता, आणि तिसऱ्या खर्ड्यात ती मूठ न उघडताच निघून जाता.

संपादकांचं वाक्य म्हणूनच तुम्हाला लागलं असावं. त्यांचं निदान मला पूर्ण मान्य नाही. मोकळा शेवट म्हणजे पळवाट असं मी कधीच म्हणणार नाही. पण मोकळेपणाचेही दोन प्रकार आहेत. एकात लेखकाला सगळं ठाऊक असतं आणि वाचकाला पुरेसं दिलेलं असतं, म्हणून शेवटची ओळ लिहायची गरज उरत नाही. दुसऱ्यात लेखकालाच ठाऊक नसतं. एक साधी परीक्षा करून बघा. तिसरा खर्डा संपतो त्याच्या पुढचं एक पान लिहा, छापण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. ते सरसर लिहून झालं तर तुमचा शेवट मोकळा आहे. पेन अडलं तर कथा अजून झालेली नाही, एवढंच. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. कथेत ताई आणि भाऊ अशा दोनच बाजू आहेत. आई गप्प आहे, ते समजू शकतं. पण वहिनी? पत्रात कथेचा सारांश देताना तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत. त्या बागेत डिपिंगच्या दिवसांत पहाटेपासून कोण उभं असतं? घडांची विरळणी करताना मान वर करून करून कोणाची मान धरते? मजुरांचा स्वयंपाक कोण करतं? सातबाऱ्यावर बहिणीचं नाव निदान वारसनोंदीने लागतं. वहिनीचं नाव तिथे नसतंच. सुमनने हक्क सोडला तरी तो वहिनीला मिळणार नाही, आणि सुमनने राखला तर राबणं वहिनीचंच राहणार. शिवाय ही वहिनीही कुठल्या तरी घरची सुमन आहे. तिने स्वतःच्या माहेरी सही केली असेल का? कोणी तिला विचारलं असेल का? चौथ्या खर्ड्यात या दोघींना दहा मिनिटं स्वयंपाकघरात एकत्र बसवा. जमिनीबद्दल एक शब्दही बोलू देऊ नका. माझी खात्री आहे, सुमनने काय करायचं ते त्या दहा मिनिटांत तुम्हाला दिसेल.

भावाचंही एक पान लिहा, त्याच सकाळचं, त्याच्या बाजूने. सोसायटीचं थकलेलं कर्ज, माल उचलून पैसे न देता पसार झालेला व्यापारी, ऐन तोडणीला आलेल्या अवकाळीने तडकलेले मणी, सगळं त्याच्या डोक्यात असेल. तो लबाड असेल तर लबाडी दाखवा, पण स्वतःच्या लबाडीला तो काय नाव देतो तेही शोधा. ‘ताईला तिकडे काय कमी आहे?’ हे वाक्य तो मनापासून म्हणतो. ज्या कथेत समोरच्याचं म्हणणं खरं वाटतं, तिथेच निवड अवघड होते. तुमच्या पहिल्या खर्ड्यात नकार सोपा वाटला असावा, कारण भाऊ पुरता माणूस झाला नव्हता.

एक तपशील मात्र सोडू नका. नोंदणीच्या वेळी अंगठा मशीनवर ठेवायला लावतात आणि फोटो काढतात. ‘कॅमेऱ्याकडे बघा ताई’ असं कोणीतरी म्हणतं. हक्क सोडतानाचा आपला चेहरा कायमचा कागदावर उमटतो, भावाच्या चेहऱ्याच्या शेजारी. लहानपणानंतर दोघांचा शेजारी शेजारी फोटो बहुधा पहिल्यांदाच निघाला असेल. निर्णय हो असो की नाही, मी त्या खोलीत सुमनला एकदा तरी नेईन.

आता तुमच्याबद्दल. ‘ही माझी गोष्ट नाही, पण अगदीच नाही असंही नाही’ या वाक्यात फार काही आहे, ते उकरून काढण्याचा अधिकार मला नाही. पण तुमच्यासमोरही असा कागद आला असेल, तर दोन कागद वेगळे ठेवा. कथेचा वेगळा, नोंदणीचा वेगळा. तुम्ही काय करायला हवं होतं किंवा करायचं आहे, ते सुमनकडून करून घेऊ नका. तिच्या नकारातून भावाला निरोप पोचवायचा असेल, तर तो दिवाळी अंकातून जाऊ नये. समोर बसून न बोललेलं छापून आलं, की वाचणाऱ्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

प्रत्यक्षातला प्रश्न कथेपेक्षा कमी कोंडलेला असतो, हेही सांगते. ‘सही दे किंवा माहेर सोड’ असे दोनच रस्ते आहेत, हे कोणी ठरवलं? कर्जाला संमती देणं आणि हक्क सोडणं हे दोन वेगळे कागद आहेत. भावाची गरज कर्जाची असेल, तर आधी बँकेला नेमकं काय हवं आहे ते बँकेकडूनच विचारून घ्यावं. जमीन सामाईक ठेवता येते, रीतसर वाटणी करता येते, काही हिस्सा राखून काही सोडता येतो, आणि वर्षभर थांबताही येतं. घाई ज्याला असते त्याच्या घाईचं कारण विचारण्यात भांडण नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की ते फिरवणं फार कठीण, म्हणून सही करण्याआधी कागद घरी आणून पूर्ण वाचावा आणि भावाच्या ओळखीचा नसलेला एखादा वकील गाठावा. जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली, यानेही फरक पडतो. ते सातबारा आणि जुने फेरफार काढले की कळतं. हे तुम्हाला लिहिते आहे, पण ज्या ज्या ताईला या वर्षी ‘तेवढी सही’ मागितली गेली आहे, तिनेही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. सगळं समजून, मोकळ्या मनाने हक्क सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी दुबळं म्हटलेलं मला चालणार नाही. राखणाऱ्या बहिणींना लोभी म्हटलेलंही चालणार नाही.

वहिनी वाचते, म्हणून कथा लिहायची नाही असं करू नका. द्राक्षाच्या जागी डाळिंब आणि निफाडच्या जागी सटाणा लिहून काही लपणार नाही, उलट कथा खोटी पडेल, कारण तुमच्या हाताला द्राक्षच ठाऊक आहे. त्यापेक्षा कथा पूर्ण झाली की अंकाला पाठवण्याआधी ती वहिनीला वाचायला द्या. परवानगी मागायला नाही, आधी तिने वाचावी म्हणून. तोवर स्वयंपाकघरातली ती दहा मिनिटं तुम्ही नीट लिहिली असतील, तर तिला कळेल की या कथेत तिला कोणीतरी पाहिलं आहे.

राहिला सुमनचा शेवट. मी तो सहीच्या पुढे नेईन, थेट फेब्रुवारीत. निफाडच्या बाजूला ज्यांची माहेरं आहेत त्यांना विचारा, तोडणी सुरू झाली की नाशकात येणाऱ्या पिकअपमधून एक क्रेट बहिणीच्या दारात उतरतो. दरवर्षी. फोन नाही, चिठ्ठी नाही, वर वर्तमानपत्र झाकलेला क्रेट. सुमनने सही केली असेल किंवा नसेल, पण बाग तुटल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत घरची द्राक्षं नसणारच. नव्या वेलांना अजून घड यायचे आहेत. मग त्या वर्षी पिकअप थांबतो का? थांबला तर क्रेटमध्ये काय असतं, दुसऱ्याच्या बागेतून विकत घेतलेली द्राक्षं? आणि रिकामं भांडं परत पाठवायचं नाही या रीतीने सुमन त्यात काय घालून पाठवते? हे एवढंच लिहा, पान-दीड पान. ऑगस्टअखेरला अजून वेळ आहे. नाही जमलं तर यंदाचा अंक जाऊ द्या, पण एप्रिल शोधल्याशिवाय कथा पाठवू नका.